या पोटातून त्या पोटात

मेसेल, जर्मनी : सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वी

तुम्ही एका खोल तळ्याच्या काठावर उभे आहात. ज्वालामुखीच्या स्फोटाने पडलेल्या खड्ड्यात पाणी साचून हे तळं झालं आहे. वर पाणी संथ आहे, तळाशी मात्र प्राणवायू जवळजवळ नाही. भोवती दाट, उष्ण, ओलं जंगल आहे. गवताची कुरणं शोधू नका. पृथ्वीवर ती अजून पसरलेली नाहीत.

झुडपं हलतात आणि एक प्राणी बाहेर येतो. हा घोडा आहे, हे कुणी सांगितल्याशिवाय तुम्हाला पटणार नाही. उंची जेमतेम फूटभर, पाठ कमानदार, पुढच्या पायांना चार-चार बोटं आणि मागच्यांना तीन-तीन. घोडी आहे, आणि गाभण आहे. ती कोवळी पानं ओरबाडते आणि तोंडाशी आलेली जंगली द्राक्षं बियांसकट गिळते.

द्राक्षांतली साखर ती सहज पचवेल. पानांचं काय? पानांचा सांगाडा सेल्युलोजचा असतो. ग्लुकोजचेच रेणू एकापुढे एक जोडून ही साखळी बनते, पण तिची कडी उघडणारं विकर सस्तन प्राण्यांचं शरीर बनवत नाही. घोडी नाही, गाय नाही, हत्ती नाही, माणूस नाही. पाला खाऊन जगणाऱ्या प्रत्येक सस्तन प्राण्याने हे काम सूक्ष्मजीवांवर सोपवलं आहे. घोड्याच्या कुळात ते आंधळ्या आतड्यात आणि मोठ्या आतड्यात चालतं. जिवाणू तिथे पाला कुजवतात आणि त्यातून तयार झालेली आम्लं घोडीच्या रक्तात उतरतात. त्यांवर ती धावते, त्यांवरच तिच्या पोटातलं शिंगरू वाढतं.

या प्रवासात एकच प्रश्न बरोबर घ्या. हे सूक्ष्मजीव तिच्या पोटात आले कुठून, आणि जन्माला येणाऱ्या शिंगराच्या पोटात जाणार कसे? रंग, उंची, खुरांची ठेवण हे सगळं बीजातून मिळतं. सूक्ष्मजीव तसे मिळत नाहीत. आजची शिंगरं जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत आईचं ताजं शेण खाताना दिसतात. पाहणाऱ्याला किळस येते. शिंगराच्या दृष्टीने मात्र आईकडून घ्यायचं दुधाइतकंच मोलाचं असं काहीतरी त्यात असतं.

घोडी पाण्याजवळ जाते आणि तळ्यात पडते. तुम्ही काही करू शकत नाही. तिचं शरीर प्राणवायू नसलेल्या तळाशी जातं आणि तिच्या त्वचेवर जिवाणूंचा थर चढतो. कालांतराने त्या थराचंच खनिज होतं. म्हणूनच मेसेलच्या खाणीतून निघालेल्या घोड्यांच्या सांगाड्यांभोवती शरीराची काळी बाह्यरेषा दिसते. कुठे कानाची कड, कुठे शेपटीचे केस. ती रेषा जिवाणूंची आहे. त्या घोड्यांच्या पोटाच्या जागी पानांचे तुकडे आणि द्राक्षांच्या बियाही सापडल्या आहेत. १९९५ पासून ही खाण जागतिक वारसा स्थळ आहे. शेवटचं जेवण अजून पोटात, आणि देहाची आकृती जिवाणूंनी राखलेली, असे हे घोडे तुम्हाला तिथल्या संग्रहालयांत पाहता येतात.

शिवालिकचा पायथा : सुमारे ७० लाख वर्षांपूर्वी

आता हिमालयाच्या पायथ्याशी या. आज पाकिस्तानातलं पोटवारचं पठार म्हणतात तो हा भाग. मोसमी पाऊस येतो आणि मग कित्येक महिने कोरडे जातात. एकेकाळी इथे झाडी होती, ती आता विरळ झाली आहे. नजर जाईल तिथवर उन्हात वाढणारं जाड, चरबरीत गवत आहे. जमिनीतल्या चुनखडीने आणि प्राण्यांच्या दातांनी हा बदल नोंदवून ठेवला. त्यांतल्या कार्बनच्या समस्थानिकांचं प्रमाण तपासून शास्त्रज्ञांनी पुढे झाडीकडून गवताकडे झालेलं हे स्थित्यंतर वाचलं.

गवत पानांपेक्षाही चिवट असतं. तरी तुमच्यासमोर एक कळप निवांत बसला आहे. गाई-म्हशींच्या कुळातली ही जनावरं आहेत, आणि त्यांचे जबडे संथपणे आडवे हलत आहेत. सकाळी भराभर गिळलेला चारा ती घास-घास करून तोंडात परत आणतात, दळतात, पुन्हा गिळतात. एका जनावराच्या घशातून खाली उतरा. आतला हिशेब आजच्या गाईचा सांगतो, कारण तो आपल्याला मोजता आला आहे.

काळोख आहे. उष्णता ३९ अंश सेल्सिअस. हवेचा मागमूस नाही. तुम्ही कोटीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या कप्प्यात आहात, आणि मोठ्या गाईत त्यात शंभर लिटरहून अधिक ऐवज मावतो. भिंत साधारण मिनिटाला एकदा आकुंचन पावते आणि सगळं ढवळून निघतं. वर तरंगणाऱ्या काडीकचऱ्याचा जाड थर आहे, खाली पातळ रसा. वरून लाळ येत राहते, दिवसाला शंभर लिटरच्या घरात. तिच्यात सोड्यासारखे क्षार असतात, म्हणून इतकी आम्लं तयार होऊनही इथली आंबटाई मर्यादेत राहते.

आजूबाजूला पाहा. एका मिलिलिटरमध्ये हजार कोटींच्या वर जिवाणू आहेत. गवताच्या तुटक्या काडीला ते चिकटून बसले आहेत, कारण दूर राहून सेल्युलोज फुटत नाही. बुरशीचे तंतू काडीत घुसून तिला आतून फोडतात. अंगभर केसाळ झालर असलेले सिलिएट नावाचे आदिजीव रशातून वळवळत पोहतात, पिठूळ कण गिळतात, जिवाणूही गिळतात. एकाने टाकलेलं दुसरा उचलतो. या सगळ्या उलाढालीत हायड्रोजन सुटतो. तो साचला तर कामच थांबेल, म्हणून मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव तो वापरून टाकतात. जनावर ढेकर देतं आणि मिथेन बाहेर जातो.

गवताचं शेवटी काय झालं? ॲसिटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक ही आम्लं. कोटीपोटाच्या भिंतीला आतून असंख्य बारीक उंचवटे आहेत, त्यांतून ती रक्तात शिरतात. गाईला लागणाऱ्या ऊर्जेचा सर्वांत मोठा भाग, ढोबळमानाने सत्तर टक्के, या आम्लांतून येतो. गाय गवत खाते हे खरं, पण गवतातली साखर तिच्या वाट्याला फारशी येतच नाही. सूक्ष्मजीव ती आधी संपवतात आणि त्यांनी मागे टाकलेल्यावर गाय जगते.

रशाबरोबर पुढे वाहत जा. जाळीपोट, पडदेपोट आणि मग चौथं, खरं पोट. इथे तीव्र आम्ल आहे. वाहत आलेले कोट्यवधी जिवाणू इथे मरतात, आणि त्यांची भिंत फोडायला गाईकडे लायसोझाइम हे विकर आहे. इतर प्राण्यांत ते अश्रूंत आणि लाळेत असतं, जंतूंपासून राखण करतं. गाईने तेच विकर पचनाला लावलं. ज्यांना गवत चारून वाढवलं त्यांनाच ती शेवटी पचवते आणि त्यांच्यातून प्रथिनं मिळवते.

हाच मार्ग आणखी एका प्राण्याने धरला, आणि त्याला तुम्ही ओळखता. घाटातल्या झाडावर पाला ओरबाडत बसणारा हुप्प्या. वानराचं पोटही कप्प्याकप्प्यांचं असतं आणि पुढच्या कप्प्यात पाला आंबतो. १९८७ मध्ये कॅरो-बेथ स्ट्युअर्ट, ॲलन विल्सन आणि सहकाऱ्यांनी गाय आणि वानर यांच्या पोटातलं लायसोझाइम शेजारी ठेवून पाहिलं. दोघांचं नातं फार दूरचं. तरीही त्या विकरात काही नेमक्या जागी सारखेच बदल झालेले होते. पोटात जिवाणू पाळायचे आणि मग तेच पचवायचे, असं जीवन स्वीकारलं की शरीरही त्याप्रमाणे घडत जातं. सोबती इतके जवळचे असतात की ते यजमानाची प्रथिनंही बदलायला लावतात.

स्वीडन : १८व्या शतकाचा उत्तरार्ध

लांब हिवाळा. लाकडी गोठ्यात तुमचा श्वास धुरासारखा दिसतो. एक गाय मान टाकून उभी आहे. तिने वैरण सोडली आहे आणि रवंथ बंद आहे. शेतकऱ्याला जिवाणू माहीत नाहीत. पोटातल्या आदिजीवांचा शोध लागायला अजून कित्येक दशकं आहेत. पण रवंथ थांबला की गाय जाते, हे त्याने पाहिलेलं आहे.

तो शेजारच्या निरोगी गाईपाशी जातो. ती घास वर आणते त्याच क्षणी तिच्या तोंडात हात घालून तो चघळलेला, ओला, गरम गोळा काढून घेतो आणि आजारी गाईच्या तोंडात खोल सारतो. बघताना तुम्हाला हा जादूटोणा वाटेल, आणि पुढे कित्येक शिकलेल्या माणसांनाही तो तसाच वाटला. पण त्याच्या मुठीतल्या त्या घासात जिवंत जिवाणू आणि आदिजीव होते. एका पोटातली वस्ती दुसऱ्या पोटात बसवता येते, हे स्वीडनच्या गोठ्यात लोक करत होते. ते का लागू पडतं याचं उत्तर कोणाकडे नव्हतं, एवढंच.

पॅरिस, १८४३ आणि म्युनिक, १८८५

पॅरिसमध्ये फार थांबू नका, फक्त एका सूक्ष्मदर्शकात डोकवा. डेव्हिड ग्रुबी हे डॉक्टर आणि ओनेझिम देलाफों हे पशुवैद्य रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातला ताजा रसा काचेवर ठेवतात. काच थंड होण्याआधी पाहायला हवं. भिंगाखाली केसाळ, फुगीर जीव एकमेकांना ढकलत पोहत आहेत. चाऱ्याबरोबर चुकून आलेले हे नव्हेत, त्यांची संख्याच ते सांगते. हे इथलेच रहिवासी आहेत. काच गार होते, त्यांची गती मंदावते, आणि ते थांबतात.

म्युनिकमध्ये मात्र वेळ द्या. थिओडोर एशेरिश हा तिशीही न गाठलेला बालरोगतज्ज्ञ एका नवजात बाळाचा पहिला, काळपट हिरवा मळ तपासतो आहे. जन्मताच घेतलेल्या नमुन्यात त्याला जिवाणू सापडत नाहीत. काही तासांनी घेतलेल्या नमुन्यात सापडतात, आणि बाळ दूध पिऊ लागल्यावर त्यांचं स्वरूप बदलतं. त्यात एक जिवाणू त्याला पुन्हा पुन्हा भेटतो. त्याचं नाव तो बॅक्टेरियम कोली कम्यून असं ठेवतो. पुढे त्याच जिवाणूला एशेरिशचं नाव मिळालं आणि तो ई. कोलाय म्हणून जगभर ओळखला जाऊ लागला.

तुम्ही मेसेलपासून जो प्रश्न बाळगला आहे त्याचं पहिलं मोजून-मापून दिलेलं उत्तर इथे मिळतं. ही वस्ती बाळ येताना घेऊन येत नाही. जन्माच्या वाटेवर, आईच्या त्वचेवरून, घरातल्या माणसांच्या हातांवरून ती येऊन वसते. आईच्या दुधाचाही त्यात मोठा वाटा आहे. त्या दुधात अशा काही शर्करा असतात ज्या बाळाला स्वतःला पचत नाहीत. पण बाळाच्या आतड्यातल्या बिफिडोबॅक्टेरियम या जिवाणूंचं ते खास अन्न आहे. आई बाळाला पाजते आणि बाळाच्या सोबत्यांनाही पाजते.

पुलमन, वॉशिंग्टन राज्य, अमेरिका : १९४० च्या दशकाचा उत्तरार्ध

एक अडचण तुमच्या लक्षात आली असेल. कोटीपोटातल्या रशाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की जिवाणूंची गर्दी दिसते. तोच थेंब प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत वाढवायला ठेवला की फारच थोडे वाढतात, आणि जे वाढतात त्यांना गवत फोडता येत नाही. खरे कामकरी कुठे जातात?

ते हवेने मरतात. आपल्याला जगवणारा प्राणवायू त्यांच्यासाठी विष आहे. रॉबर्ट हंगेट या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाला याची जाणीव होती. वाळवीच्या पोटात लाकूड कसं पचतं याचा अभ्यास करून तो गाईकडे वळला होता. आता त्याच्या टेबलाशेजारी उभे राहा आणि त्याचे हात पाहा.

कार्बन डायऑक्साइड तापवलेल्या तांब्यावरून जातो, म्हणजे त्यातला उरलासुरला प्राणवायू तांबं खाऊन टाकतं. तो शुद्ध वायू बारीक नळीने परीक्षानळीत सोडलेला असतो आणि नळीतली हवा बाहेर ढकलतो. वितळलेल्या आगरमध्ये बारीक दळलेला सेल्युलोज मिसळला आहे, म्हणून ते दुधी दिसतं. हंगेट त्यात रशाचा अतिशय पातळ केलेला अंश टाकतो, वायूची नळी काढता काढता त्याच क्षणी रबरी बूच घट्ट बसवतो, आणि नळी आडवी धरून थंड पाण्यात गोल फिरवतो. आगर नळीच्या आतल्या भिंतीवर पातळ थरात गोठतं. मग ही नळी गाईच्या अंगाइतक्या उबेत ठेवायची आणि वाट पाहायची.

काही दिवसांनी नळी उजेडात धरा. दुधी थरात मधेच स्वच्छ, पारदर्शक वर्तुळं दिसतात, प्रत्येकाच्या मध्यभागी एक ठिपका. त्या ठिपक्यातल्या जिवाणूने भोवतालचा सेल्युलोज फोडून संपवला आहे. ज्याच्यावर गुरं, शेळ्या-मेंढ्या, हरणं उभी आहेत, तो जीव पहिल्यांदा माणसासमोर एकटा, ओळखू येईल असा उभा आहे. १९५० मध्ये हंगेटने ही पद्धत सविस्तर प्रसिद्ध केली आणि हवेचा स्पर्श न सोसणाऱ्या जीवांची दुनिया उघडली. आज माणसाच्या आतड्यातल्या जिवाणूंबद्दल जे बोललं जातं, त्याच्या मुळाशी गाईसाठी घडवलेल्या या नळ्या आहेत.

त्याच काळात इतर ठिकाणीही कोडं सुटत होतं. केंब्रिजमध्ये जोसेफ बारक्रॉफ्ट आणि सहकाऱ्यांनी १९४४ मध्ये दाखवलं की आंबण्यातून झालेली आम्लं मेंढीच्या पोटातून थेट रक्तात जातात. फिनलंडमध्ये नोबेल मिळालेले रसायनशास्त्रज्ञ आर्तुरी विर्तानेन यांनी १९६० च्या दशकात गाईंना प्रथिनं नसलेला खुराक दिला. त्यातला नायट्रोजन युरियासारख्या साध्या संयुगांतून येत होता. गाई गाभण राहिल्या, व्यायल्या, दूध देत राहिल्या. त्या दुधातली प्रथिनं आली कुठून? सूक्ष्मजीवांनी युरियापासून स्वतःची शरीरं घडवली आणि गाईने ती पचवली. १९७५ मध्ये इंग्लंडमधल्या बॅब्रहॅमला कॉलिन ऑर्पिन यांच्या लक्षात आलं की कोटीपोटात शेपटीने पोहणाऱ्या ज्या जीवांना सगळे आदिजीव समजत होते, त्यांतले काही तर बुरशीचे बीजाणू आहेत. बुरशीला प्राणवायू लागतोच, ही समजूत तिथून मोडू लागली.

हवाई ते टाउन्सव्हिल, ऑस्ट्रेलिया : १९८० च्या आगेमागे

आता एका झाडाखाली या. हे झाड तुम्हाला ठाऊक आहे. बारीक पानांच्या जोड्या, पांढरी गोंड्यासारखी फुलं, चपट्या तपकिरी शेंगा. सुबाभूळ. मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली. १९७० च्या दशकात उरुळीकांचनच्या ‘बाएफ’ संस्थेने, मणिभाई देसाईंच्या पुढाकाराने, चारा आणि सरपण म्हणून तिचा महाराष्ट्रात प्रसार केला. पाल्यात भरपूर प्रथिनं, पाणी बेताचं लागतं, तोडली की पुन्हा फुटते. कोरडवाहू शेतकऱ्याला आणखी काय हवं?

पण ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये तिच्यावर चरणाऱ्या जनावरांकडे पाहा. शेपटीचे केस गळलेले. तोंडातून लाळ गळते. गळ्याची ग्रंथी सुजली आहे. वजन वाढायचं थांबलं आहे. सुबाभळीत मिमोसिन नावाचं अमिनो आम्ल असतं. कोटीपोटातले जिवाणू ते फोडतात आणि त्यातून डीएचपी हे द्रव्य बनतं, जे गळ्याच्या ग्रंथीचं काम बिघडवतं. जिवाणू इथवर काम करतात आणि थांबतात. पुढची पायरी त्यांच्यापैकी कोणालाच येत नाही.

रेमंड जोन्स हे टाउन्सव्हिलचे चारातज्ज्ञ हवाई बेटांवर जातात. तिथे सुबाभूळ रानोमाळ माजली आहे आणि शेळ्या ती पोटभर खातात. तुम्हीही त्या शेळ्यांमधून फिरा. केस तुकतुकीत, डोळे स्वच्छ, आजाराचं चिन्ह नाही. झाड तेच, शेळीही शेळीच. मग फरक कुठे? जोन्स त्यांचं मूत्र तपासतात. त्यात डीएचपी अगदी थोडं आहे. म्हणजे ते शरीरात पोहोचण्याआधीच पोटात नष्ट होत असणार. हवाईच्या शेळ्यांच्या कोटीपोटात ऑस्ट्रेलियातल्या गुरांकडे नसलेला कोणीतरी राहतो आहे.

शेजारणीकडून विरजण आणावं तसं जोन्स आणि त्यांचे सहकारी हे वाण आणतात, फक्त मध्ये प्रशांत महासागर आहे, हवा न शिरू देण्याची खबरदारी आहे आणि ऑस्ट्रेलियाचे विलगीकरणाचे कडक नियम आहेत. टाउन्सव्हिलच्या जनावरांच्या कोटीपोटात ते सोडलं जातं. काही दिवस जातात. मूत्रातलं डीएचपी घसरतं. सुबाभूळ खाऊन जी जनावरं खंगत होती, ती त्याच पाल्यावर भरू लागतात.

पुढचं आणखी महत्त्वाचं आहे, म्हणून त्या कुरणातून लगेच निघू नका. ज्या जनावरांना काहीच दिलं नव्हतं, पण जी वाण दिलेल्या जनावरांबरोबर चरत होती, त्यांच्या पोटातही ते पोहोचलं. एका कुरणात चरणं आणि एका हौदावर पाणी पिणं एवढंच त्यासाठी लागलं. १९८६ मध्ये हे यश प्रसिद्ध झालं. १९९२ मध्ये अमेरिकेतले मिल्टन ॲलिसन आणि सहकाऱ्यांनी त्या जिवाणूला जोन्स यांच्या सन्मानार्थ सिनर्जिस्टिस जोन्सी हे नाव दिलं. पुढे क्वीन्सलँडच्या शासकीय प्रयोगशाळेत हे मिश्रण टाकीत वाढवून पशुपालकांना दिलं जाऊ लागलं. नंतरच्या अभ्यासांतून चित्र अधिक बारकाईने कळलं. हा जिवाणू अनेक देशांतल्या जनावरांत थोड्या प्रमाणात असतो, आणि डीएचपी निरुपद्रवी करण्यात यकृतही हात लावतं. तरी मूळ गोष्ट तशीच राहते. एक क्षमता एका बेटावरच्या शेळ्यांकडे होती, ती बीजातून आली नव्हती, आणि ती दुसऱ्या खंडातल्या गाईला देता आली.

महाराष्ट्र : आज

प्रवासाचा शेवट गोठ्यात होतो. गाय व्यायली आहे. वासरू ओलं आहे आणि ती त्याला चाटते आहे. तुम्ही काय काय पाहून आला आहात, ते आता या गोठ्यात तपासा.

या वासराचं कोटीपोट अजून लहान आहे. त्याने चीक ओढला की अन्ननलिकेच्या टोकाशी एक घडी मिटते आणि चीक कोटीपोट टाळून थेट खऱ्या पोटात जातो. पण आईच्या जिभेवरून, सडांवरून, जमिनीवरून जिवाणू पहिल्या दिवसापासून आत शिरू लागले आहेत. काही आठवड्यांत वासरू हुंगत-चघळत गव्हाणीतला चारा तोंडात घेईल. चारा आंबून तयार झालेल्या आम्लांनी कोटीपोटाच्या भिंतीवरचे उंचवटे वाढतील. सिलिएटांना यापेक्षाही जवळीक लागते. त्यांना कोरड्यात टिकून राहणारं कवच नसतं, म्हणून ते लाळेच्या ओलाव्यातूनच एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जातात. ज्या वासरांना मोठ्या जनावरांपासून पूर्ण अलग वाढवलं जातं, त्यांच्या कोटीपोटात सिलिएट येतच नाहीत. ही वासरं जगतात आणि वाढतातही, पण कोट्यवधी वर्षं चालत आलेल्या परंपरेची एक शाखा त्यांच्यापाशी थांबते.

आपण ही परंपरा आणखीही प्रकारांनी मोडतो. पोळ्याला प्रेमापोटी बैलापुढे पुरणपोळ्यांची चळत ठेवतो, लग्नघरचा उरलेला भात एकदम गाईपुढे ओततो. कोटीपोटात साखर आणि पिष्ट अचानक वाढतं. भराभर लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू माजतात, आंबटाई सोडाही आवरू शकत नाही इतकी चढते, गवत फोडणारे जिवाणू मरतात, रवंथ थांबतो. पशुवैद्य धावत येतात. ते खाण्याचा सोडा देतात, आणि गरज पडली तर निरोगी गाईच्या कोटीपोटातला रसा नळीने आजारी जनावराला पाजतात. स्वीडनचा तो शेतकरी या गोठ्यात आला तर त्याला हा उपाय समजावून सांगावा लागणार नाही.

या सगळ्या वाटेने एकच गोष्ट सांगितली. पाला खाणारं जनावर कधी एकटं नसतं, आणि त्याची सर्वांत मोठी ताकद त्याला सहवासातून मिळते. रक्तातून मिळालेलं सहसा हरवत नाही. सहवासातून मिळालेलं हरवू शकतं आणि पुन्हा जोडताही येतं. मात्र जोडायला कुठेतरी ते जिवंत, एखाद्या पोटात, शिल्लक असावं लागतं. हवाईच्या शेळ्या आधीच संपल्या असत्या, तर टाउन्सव्हिलला काय आणायचं होतं?

म्हणून काही साध्या गोष्टी आपल्या हातात आहेत. वासराला आईने चाटू द्यावं. त्याला मोठ्या, निरोगी जनावरांच्या संगतीत चारा चघळू द्यावा. तोंडावाटे द्यायची प्रतिजैविकं गरजेपुरती आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावीत, कारण ती आजाराच्या जंतूबरोबर या वस्तीवरही पडतात. खुराक बदलायचा तर हळूहळू बदलावा, म्हणजे आतल्यांना जुळवून घ्यायला वेळ मिळतो. स्थानिक जाती जपताना केवळ त्यांचं वीर्य गोठवून भागणार नाही. डोंगरावरचा रानपाला पचवणाऱ्या शेळीची ती क्षमता तिच्या कोटीपोटातही असते, आणि कळप मोडला की तीही जाते.

जनावरांच्या बाजारात घेणारा दात पाहतो, वेत विचारतो, कास चाचपतो, दुधाचा आकडा ऐकतो. त्यात यापुढे एक प्रश्न मिळवायला हवा: हे जनावर कोणाच्या संगतीत वाढलं? त्या उत्तरावर त्याचं पुढचं खाणं आणि जगणंही काही अंशी ठरतं.